मराठी उतार

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नसे. आम्ही काही भांडखोर नव्हतो, पण कतारगामच्या त्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना होता आणि त्याची खडखड भिंतीतून, फरशीतून, जेवायला बसलं की ताटातून अंगात चढायची. फळीवरचे पितळी डबे एकमेकांना हलकेच लागून दिवसभर किणकिणत राहायचे. आठवड्यातून एकदा कारखान्याची वीज बंद असायची. त्या दिवशी सगळं एकदम शांत झालं की आम्ही दचकायचो आणि सवयीनं ओरडूनच बोलत राहायचो. मग शेजारच्या खोलीतून कुणीतरी हसायचं. अजूनही मी फोनवर बोलायला लागले की माझी नात पलीकडून म्हणते, आजी, फोन कशाला लावलास, एवढ्या मोठ्यानं तसंही ऐकू आलं असतं.

नाना म्हणजे माझे वडील. ते रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका दुकानात साड्या उलगडून दाखवायचं काम करत. गिऱ्हाईक पांढऱ्या गादीवर बसलं की नाना साडी अशी काही हवेत सोडायचे, की ती पडेपर्यंत पदरावरचा मोर दोनदा उडून जायचा. माय घरी साड्यांना फॉल लावायची. दोघं धुळ्याकडची. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत मराठी, जिन्यावर गुजराती आणि बाजारात समोरच्याला जे समजेल ते. माझ्या दोघी थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळे दोन खोल्यांत आम्ही तिघंच उरलो होतो आणि सगळ्या घराचं लक्ष माझ्यावर आलं होतं. सकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा, रविवारी कोपऱ्यावरचा, वाफवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा लोचो, आणि सणाला मायच्या खापराच्या पोळ्या. ते खापर, म्हणजे पालथं घालून चुलीवर ठेवायचं मातीचं मोठं भांडं, मायनं गावाहून एसटीत मांडीवर ठेवून आणलं होतं. सगळ्या प्रवासभर तिनं पाय हलवला नव्हता, असं नाना कौतुकानं सांगायचे.

मला इंग्रजीचं वेड लागलं ते फ्रेनीबाईंमुळे. फ्रेनीबाई नानपुऱ्यात राहणाऱ्या निवृत्त पारशी शिक्षिका. माय त्यांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची आणि त्या पोचवायचं काम माझं. एकदा दारात उभी असताना त्यांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी शाळेत पाठ केलेलं एक वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं, ज्याचा त्यांच्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग म्हणाल्या, आत ये. तेव्हापासून साडी असो नसो, मी शाळा सुटली की तिकडे पळायला लागले.

त्यांची शिकवायची रीत वेगळीच होती. शब्दांचे अर्थ पाठ करायला त्या बंदी घालत. म्हणायच्या, "शब्द एकलो नी रे, डिकरी." शब्द एकटा राहत नाही. तो कुणाबरोबर हिंडतो ते बघ. आधी त्यांनी मला माझ्याच भाषेत बघायला लावलं. थंडी वाजते, भूक लागते, झोप येते, प्रश्न पडतो. भूक का वाजत नाही, थंडी का लागत नाही, सांग बघू. मला सांगता येईना, पण त्या दिवशी नानपुऱ्याहून कतारगामपर्यंत मी बसमध्ये तोंडातल्या तोंडात हेच पुटपुटत आले. मार पडतो, पाऊस पडतो, बाजार पडतो, पेच पडतो. आपल्या तोंडात इतकी गंमत भरलेली आहे आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं वाटून मला इतका आनंद झाला की घरी आल्या आल्या मी मायला धरून विचारलं, "माय, शपथ घ्यायची का खायची?" माय म्हणाली, "आधी चहा घे."

त्या आठवड्यात आम्ही गिर्यारोहकांचा एक धडा वाचत होतो. माणसं बर्फाचा डोंगर चढून गेली होती आणि आता उतरायचं होतं. तिथे मला डिसेंट हा शब्द भेटला. फ्रेनीबाईंनी त्याचे सोबती सांगितले. स्टीप डिसेंट म्हणजे खडा उतार. स्लो डिसेंट, सावकाश उतरणं. डेंजरस डिसेंट. बिगिन द डिसेंट, उतरायला लागणं. मेक द डिसेंट, उतरून येणं. त्यांच्या घराजवळ तापीचा ओवारा होता, नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. मी त्या पायऱ्यांवर जाऊन हे सगळं करून पाहिलं. एकेक पायरी थांबत थांबत स्लो डिसेंट, मग धावत सुटून स्टीप डिसेंट. कपडे धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला तो शब्द पायांनी कळला होता आणि आता तो मला पूर्ण येतो याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी दुकानातला एक माणूस सायकलवर धापा टाकत आमच्या दारात आला. नानांनी मला बोलावलं होतं, आत्ताच्या आत्ता. दुकानात मॉरिशसहून एक बाई आल्या होत्या. तिथे त्यांचं साड्यांचं दुकान होतं आणि त्या थेट सुरतेला माल बघायला आल्या होत्या. शेठकडे इंग्रजी बोलणारे एक मॅनेजर होते, पण ते नेमके पलसाण्याच्या प्रोसेस हाउसला, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, अडकलेला माल सोडवायला गेले होते. शेठ हातवारे करून थकले. तेव्हा नाना, जे शेठपुढे कधी विचारल्याशिवाय तोंड उघडत नसत, म्हणाले होते, "माझी मुलगी इंग्रजी बोलते."

मायनं माझी वेणी सायकल निघेपर्यंत घातली. कॅरियरवर बसून मी कतारगाम ओलांडलं, आणि मला आठवतं, माझं हृदय मागांसारखं वाजत होतं. भीती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी परदेशी माणूस माझं इंग्रजी ऐकणार होतं, आणि तेही नानांसमोर.

निर्मला सकाराम असं त्यांचं नाव होतं. वय नानांच्या आसपास, अंगात पायघोळ फ्रॉक, केस मानेपर्यंत कापलेले आणि कपाळावर मात्र मायच्या कुंकवापेक्षा मोठं कुंकू. इंग्रजी त्या घशातून, गोलगोल करून बोलायच्या, पण हळू बोलायच्या, आणि मी अडखळले की थांबायच्या. पहिला अर्धा तास मी तरंगत होते. त्या म्हणाल्या, रंग उठावदार हवेत, मी सांगितलं. शेठ म्हणाले, हा रंग धुण्यात जाणार नाही; मी सांगितलं. नाना साड्या हवेत सोडत होते आणि मधूनच माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच एखादी नवी डिझाइन आहे.

मग चहा आला. त्यांनी मला गाव विचारलं, मी सांगितलं, आम्ही मराठी. त्यांनी कप खाली ठेवला. "आय ॲम ऑफ मराठी डिसेंट," त्या म्हणाल्या.

शेठनी विचारलं, काय म्हणतात. मला प्रत्येक शब्द येत होता. मी न थांबता सांगितलं, "मॅडम म्हणतात, मी मराठी उताराची आहे."

शेठचा चेहरा पडला. "एटले भाव उतारवानुं के छे?" म्हणजे भाव उतरवायला सांगतात का? आणि ते भराभर सांगायला लागले की भाव आधीच अगदी शेवटचा आहे. मी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या गोंधळल्या, म्हणाल्या, मी भावाचं बोललेच नाही. पुन्हा डिसेंट म्हणाल्या. मी पुन्हा उतार म्हणाले. नाना म्हणाले, डोंगराळ भागातल्या असतील. शेवटी बाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि शोधून शोधून, एकेक अक्षर वेगळं काढत म्हणाल्या, "मी. मराठी. माझा आजा, त्याचा आजा, मराठी."

नानांच्या हातातली साडी तशीच राहिली. दुकानात आम्ही दोघंच मराठी होतो, आता एकदम तीन झालो. त्यांना एवढंच मराठी येत होतं, आणि आरतीच्या काही ओळी. त्यांचे पूर्वज मुंबईहून जहाजात बसून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले होते. बंदरावरच्या साहेबानं नाव विचारलं, त्यांचा मूळपुरुष म्हणाला सखाराम, आणि साहेबानं जे लिहून घेतलं तेच पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव होऊन गेलं. सकाराम. खरं आडनाव काय, गाव कुठलं, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या हे सांगत होत्या आणि मी नानांना सांगत होते, आणि मी आता साड्यांचे रंग सांगत नव्हते. नानांनी शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "त्यांना सांग, रविवारी जेवायला आमच्याकडे या."

मी दुकानातून थेट फ्रेनीबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाल्या, चूक तुझी नाही, माझी आहे. शब्दाचे अर्धे सोबती तुला दाखवायचे राहिले. आणि बसून सांगायला लागल्या. ऑफ मराठी डिसेंट, म्हणजे मराठी वंशाची. डायरेक्ट डिसेंट, म्हणजे थेट वंशातली. मिक्स्ड डिसेंट, दोन मुळांचा माणूस. ट्रेस युअर डिसेंट, म्हणजे मागं मागं जात आपलं मूळ शोधून काढणं. क्लेम डिसेंट, म्हणजे मी अमक्यांच्या वंशातली असं म्हणणं, दावा सांगणं. हा शेवटचा सोबती सांगताना त्या थांबल्या. म्हणाल्या, यात एक काटा आहे. दावा सांगितला की कुणीतरी विचारतो, पुरावा काय.

मी थक्क झाले होते. डोंगर उतरायचा आणि घराण्यात जन्मायचा एकच शब्द. आपण वंश वाढला म्हणतो, वेल वर चढली म्हणतो. आणि या लोकांकडे माणूस पूर्वजांपासून खाली उतरत येतो, पायरी पायरीनं. त्या दिवशी मी पुन्हा ओवाऱ्यावर गेले आणि वरच्या पायरीवर बसून राहिले. पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. वर्गात हा शब्द आला की माझा आवाज बदलतो, असं मुली म्हणायच्या. नात तर म्हणते, हल्ली थुंकी तपासायला पाठवली की आपण कुठल्या वंशाचे ते मोबाइलवर कळतं. कळत असेल. मी तिला निर्मलाबाईंची गोष्ट सांगते.

रविवारी सकाळपासून आमच्या मजल्यावर लग्नघर होतं. मायनं आदल्या दिवशीच डाळ निवडून ठेवली होती. गच्चीवर तीन दगडांची चूल मांडून त्यावर खापर पालथं घातलं होतं. शेजारच्या सौराष्ट्रातल्या बाईंनी आपल्या खुर्च्या आणून ठेवल्या, खालच्या मजल्यावरच्या ओडिया कामगारानं न सांगता जिना धुतला. नाना उगाचच खालीवर करत होते. आणि भिवसन आप्पा पांढरी टोपी घालून खुर्चीत येऊन बसले.

भिवसन आप्पा हे आमच्या पंचक्रोशीतले सुरतेला आलेले पहिले गृहस्थ. नानांना त्यांनीच सुरतेला आणलं, खोली त्यांनीच बघून दिली, दुकानातली नोकरीही त्यांच्या शब्दावर लागली. कुणाचं लग्न जमायचं असलं, कुणाचं भांडण मिटायचं असलं की आप्पांकडे जायचं. वाईट नव्हते ते. पण त्यांच्यासमोर माय डोक्यावरचा पदर कधी सरकू देत नसे आणि त्यांच्याशी कधी बोलतही नसे. काही सांगायचं असलं तर ती मला सांगायची, आणि आप्पा समोरच बसलेले असताना मी ते आप्पांना सांगायची.

निर्मलाबाई रिक्षातून उतरल्या त्या साडी नेसून. नेसवणाऱ्यानं ती गुजराती पद्धतीनं नेसवली होती. जिना चढताना त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "मला आज सगळं जसंच्या तसं सांग. गोड करून सांगू नकोस. लोक मला फार गोड करून सांगतात." मी हो म्हणाले.

त्यांना वाटलं होतं जेवण घरात असेल. धुराच्या वासानं त्या गच्चीवर आल्या. माय तेव्हा पोळी करत होती. आमच्याकडे ती पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर खेळवत खेळवत मोठा करत न्यायचा, कोपरापर्यंत पसरला की झटक्यात गरम खापरावर टाकायचा. निर्मलाबाई एक पोळी बघत राहिल्या, दुसरी बघत राहिल्या. मग त्यांनी हातातली पर्स माझ्याकडे दिली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे करून, रिकामेच, तसेच खेळवायला लागल्या. कोपरं जवळ, मनगटं सैल. ताल अगदी बरोबर होता.

"माझी आजी," त्या म्हणाल्या. "आजी असं करायची. आमच्याकडे हे मातीचं नाही. ती लहान पोळी करायची, तव्यावर टाकायची, पण आधी हातांवर अशी नाचवायची. आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं आजी आम्हाला हसवायला खेळ करते."

मी हे मायला सांगितलं. तिनं पिठाचा एक गोळा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. पहिला फाटला. दुसराही फाटला. तिसरा कसाबसा पसरला आणि वाकडातिकडा खापरावर गेला, आणि गच्चीवरची सगळी बायकामुलं, जी एवढा वेळ दबून उभी होती, एकदम बोलायला लागली. नाना सारखं डोळ्यांत धूर जातोय म्हणत होते. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. मला वाटलं, झालं, सापडलं. ट्रेस युअर डिसेंट. शोधलं आणि सापडलंसुद्धा, आमच्याच गच्चीवर.

तेव्हा आप्पा बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी. "खापराची पोळी वऱ्हाडातही करतात, बऱ्हाणपुराकडेही करतात," ते म्हणाले. "पोळीवरून माणूस कळत नाही. त्यांना विचार, गाव कोणतं. कूळ कोणतं. जात कोणती."

त्या दिवशी कारखाना बंद होता, त्यामुळे खापराखालचं लाकूड तडतडत होतं तेवढंही ऐकू येत होतं. निर्मलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं, नाना खाली बघत होते. पहिले दोन प्रश्न सोपे होते, ते मी सांगितले. तिसऱ्यापाशी मी थांबले. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं, आप्पा म्हणतात जेवून घ्या, असं काहीही. कुणाला कळलं नसतं. पण जिन्यात मी हो म्हणाले होते. मी म्हणाले, "ते तुमची जात विचारतायत."

त्या रागावल्या नाहीत. थेट आप्पांकडे बघून बोलल्या, आणि एकेक वाक्य संपलं की माझ्यासाठी थांबल्या. मीही तसंच एकेक वाक्य आप्पांना सांगितलं. "मला माझं गाव माहीत नाही. कूळ माहीत नाही. जात माहीत नाही. जहाजात सगळे एका रांगेत जेवले, कारण दुसरी रांग करायला जागाच नव्हती. कित्येक जण वाटेतच मेले. जे पोचले त्यांनी एकमेकांच्या मुलांची लग्नं लावली. आजी सांगायची, ते जहाज हेच आपलं गाव. मी तुमच्याकडे काही मागायला आले नाही. मला फक्त बघायचं होतं, ती खेळ करत नव्हती ना."

शेवटचं वाक्य सांगताना मला रडू फुटलं आणि ते मी अर्धं अहिराणीत सांगितलं. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझं काही वैर नाही," ते म्हणाले. "पाव्हण्या आहेत, जेवू घाला, साडी द्या. पण आपल्या म्हणायला काहीतरी धरबंध लागतो."

माय चुलीपासून उठली. हात धुतले, पदर नीट केला आणि खाली घरात गेली. मला वाटलं ती रडायला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं आणि सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि माझ्या मधल्या बहिणीसाठी घेऊन ठेवलेला हिरवा खण. तिनं निर्मलाबाईंना पाटावर बसवलं. कुंकवाला कुंकू लावलं. त्यांचा पदर ओढून त्याचा ओचा धरायला लावला.

"अगं," आप्पा नानांकडे बघत म्हणाले, "ओटी माहेरवाशिणीची भरतात."

"म्हणूनच भरतेय, आप्पा," माय म्हणाली.

या वेळी तिनं ते माझ्या तोंडून सांगितलं नाही. आप्पांकडे तोंड करून, स्वतः, आमच्या घरात बोलतात तशा मोठ्या आवाजात ती म्हणाली. मग ओंजळीओंजळीनं तांदूळ घातले आणि पुटपुटली, "आमनी शे ती." आमची आहे ती. आप्पा उठले, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. नाना दोन पावलं त्यांच्या मागे गेले आणि थांबले. मग परत येऊन त्यांनी निर्मलाबाईंचं पान स्वतः मांडलं.

जेवण फार उशिरा झालं. निर्मलाबाईंनी पोळी दुधात कुस्करून खाल्ली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तिखट सारानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसत हसत आणखी वाढा म्हणाल्या. निघताना त्यांनी विचारलं, ही ओटी म्हणजे नेमकं काय. मला सोबतीचा एकही इंग्रजी शब्द सुचला नाही, म्हणून मी लांबण लावून सांगितलं, की लग्न झालेली मुलगी आईबापांच्या घरून निघते तेव्हा तिचा पदर रिकामा जाऊ देत नाहीत. त्यांनी विचारलं, आणि ती परत कधी येते. हे मी मायला विचारलं. माय म्हणाली, "आखाजीले ये." अक्षय्य तृतीयेला ये. खानदेशात त्या सणाला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, कुणी त्यांना काम सांगत नाही. मी तेही सांगितलं. रिक्षा सुरू झाली तरी त्या ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या.

शेठना मोठी ऑर्डर मिळाली आणि त्यांनी फ्रेनीबाईंसकट आम्हा सगळ्यांना घारीच्या मिठाईचे डबे पाठवले. आप्पांनी मात्र आमच्याकडचा चहा सोडला. गणपतीत नानांना आरतीला हाक मारली नाही. नानांना ते लागलं. ते कधी बोलले नाहीत, पण आप्पांच्या दारावरून जाताना त्यांची चाल संथ व्हायची. माय रोज संध्याकाळी आप्पांच्या घरी भाजी पाठवायची तशी पाठवत राहिली आणि वाटी कधी रिकामी परत आली, कधी त्यांच्या घरचं काही घेऊन.

पुढच्या आखाजीला निर्मलाबाई आल्या नाहीत, त्यांच्या यजमानांची तब्येत बरी नव्हती. त्याच्या पुढच्या आखाजीला आल्या. ऊन असं होतं की फरशीवर पाय ठरत नव्हता. बरोबर त्यांची लेक होती, माझ्याच वयाची. माझ्या दोघी बहिणी मुलांना घेऊन आल्या होत्या. इमारतीच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, आणि निर्मलाबाई त्यावर उभ्या राहून एवढे उंच झोके घेत होत्या की त्यांची लेक डोळे झाकून घेत होती. आप्पा आले नाहीत. ते समोरच्या आपल्या दारात खुर्ची टाकून बसले होते, पण तोंड झोक्याकडे केलेलं होतं, आणि त्यांच्या बायकोनं आमच्याकडे ताटभर सांजोऱ्या आणून ठेवल्या होत्या.

आमच्या शेजारच्या खोलीत तेव्हा नवं कुटुंब राहायला आलं होतं, जळगावकडचं. ती बाई अंगणातल्या चुलीपाशी मायजवळ येऊन बसली, झोक्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "या कोण हो, वेगळ्याच दिसतात?"

मायनं वर पाहिलं नाही. पोळी हातावर खेळवत होती. माझ्याकडे मान करून म्हणाली, "हिची आत्या."

झोका तेवढ्यात खाली आला होता. मी निर्मलाबाईंना ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. त्यांनी दोरीवरचा एक हात सोडून मला थांबवलं. तेवढं त्यांना कळलं होतं.